वजाबाकी करताना वाढणारा गॅमा मेंदूचा की जबड्याचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्यातली मानसशास्त्राची एक विद्यार्थिनी आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकणारा तिचा भाऊ, दोघांनी मिळून आठ चॅनेलचा ईईजी बोर्ड, म्हणजे डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडांतून मेंदूचे विद्युत सिग्नल नोंदवणारं यंत्र, घेतलाय. दांडिया बाजारातल्या घरी, वरच्या खोलीत, मित्रमंडळींवर रेकॉर्डिंग चालू आहे. मनातल्या मनात वजाबाक्या करायला सांगितल्या की गॅमा, म्हणजे सिग्नलमधला ३० हर्ट्झच्या वरचा वेगवान भाग, जवळपास दुप्पट होतो, आणि तो कानशिलांजवळच्या इलेक्ट्रोडवर सगळ्यांत जास्त दिसतो. ही एकाग्रता मानायची का? माणूस कशाचा विचार करतोय हे यातून कळेल का? आणि प्रबंधासाठी धड प्रयोग कोणता घ्यावा?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. तो गॅमा जवळजवळ नक्की जबड्याचा आहे. कानशिलावर टेम्पोरॅलिस नावाचा चावण्याचा स्नायू पसरलेला असतो आणि तुमचे टी७, टी८ (कानशिलांवरच्या ठरलेल्या जागांची नावं) इलेक्ट्रोड नेमके त्याच्यावर बसतात. स्नायूचा सिग्नल साधारण २० हर्ट्झपासून सुरू होऊन कित्येकशे हर्ट्झपर्यंत जातो. अवघड वजाबाकी आली की माणूस नकळत दात आवळतो, कपाळाला आठ्या घालतो, मान ताठ करतो. म्हणजे गणित आणि गॅमा यांचा संबंध खरा आहे, फक्त तो मेंदूतून न जाता जबड्यातून जातो. ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठाच्या गटाने २००७ मध्ये याचा निकाल लावला. स्वयंसेवकांचे स्नायू औषधाने तात्पुरते पूर्ण लुळे करून त्यांनी ईईजी घेतला, तेव्हा डोक्यावरून मिळणारा २० हर्ट्झच्या वरचा बहुतेक सिग्नल नाहीसा झाला. २००८ च्या पुढच्या लेखात त्यांनी तुमचाच प्रश्न हाताळला: विचार करताना वरच्या वारंवारतांत जी वाढ दिसते ती स्नायू लुळे असताना दिसत नाही. हे वाचल्यावर आठ चॅनेलच्या घरगुती मांडणीत गॅमावर निष्कर्ष काढायचा मोह सोडून द्यावा.

स्वतः तपासायचं असेल तर पाच मिनिटांचं काम आहे. त्याच मित्राला दात किंचित विलग ठेवून, जीभ सैल सोडून, तीच वजाबाकी करायला सांगा. नंतर काहीही विचार न करता दात हलके आवळायला सांगा. दोन्ही वेळचे आलेख शेजारी ठेवा. अल्फासारखी (८ ते १३ हर्ट्झ) मेंदूची खरी लय स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती शक्ती आहे त्या आलेखात, टोकदार शिखर म्हणून उभी राहते. स्नायू मात्र २० पासून पुढे पठारासारखा पसरतो. मावा किंवा सुपारी गालात असलेल्या माणसाचं रेकॉर्डिंग तर घेऊच नका. तोंड धुऊन दहा मिनिटं बसवा, मगच टोपी चढवा.

आता दुसरा प्रश्न, विचार वाचण्याचा. डोक्यावर जो व्होल्टेज मोजला जातो तो एकेका चेतापेशीचा नसतो. मेंदूच्या बाह्यकातल्या (बाहेरच्या थरातल्या) पिरॅमिडल पेशी एकमेकींना समांतर उभ्या असतात. त्यांच्यातले हजारो-लाखो चेतासंधीय प्रवाह एकाच वेळी, एकाच दिशेने बदलले तरच त्यांची बेरीज कवटीबाहेर पोचते. त्यासाठी बाह्यकाचा साधारण ६ चौरस सेंटीमीटरचा तुकडा एका तालात चालावा लागतो, असा ढोबळ अंदाज वापरतात. नवरात्रात गरब्याच्या मैदानाबाहेरच्या रस्त्यावर उभं राहिलं की टाळी ऐकू येते, कारण ती हजारो जण एका ठेक्यावर देतात. त्याच मैदानात हजारो लोक गप्पाही मारत असतात, पण त्या एकमेकींत विरून जातात. ईईजी म्हणजे ही टाळी. ठेका बदलला, थांबला, कुठल्या बाजूला जोर आहे, हे मिलिसेकंदापर्यंत कळतं. कोण कोणाला काय म्हणालं, हे नाही.

त्यामुळे ‘हा माणूस कशाचा विचार करतोय?’ हा प्रश्न यंत्राला विचारता येत नाही. ‘मी अ परिस्थिती दिली आणि ब दिली, तर मेंदूचा प्रतिसाद कधी, कुठे आणि किती बदलला?’ एवढंच विचारता येतं. अर्थ लागतो तो अ आणि ब यांच्या निवडीतून. त्या दोहोंत विचाराशिवाय आणखी काही वेगळं असेल, म्हणजे डोळ्यांची हालचाल, ओठ, प्रकाश, झोप, तर तुम्ही तेच मोजाल. उलट्या बाजूने अर्थ लावणं तर त्याहून धोक्याचं. वजाबाकीने थीटा (४ ते ७ हर्ट्झची संथ लय) वाढतो म्हणून थीटा वाढलेला माणूस वजाबाकी करतोय असं नाही. तो पेंगत असण्याची शक्यता जास्त. बाजारातले हेडबँड कपाळावरच्या एक-दोन सेन्सरवरून ‘अटेन्शन ७३’ असा आकडा देतात, त्यात हीच उलटी उडी दडलेली असते. शिवाय कपाळावर पापण्यांचा आणि आठ्यांचा सिग्नल मेंदूपेक्षा मोठा असतो.

गुजरातेत राहता म्हणून पोलिसी ‘ब्रेन मॅपिंग’चाही विषय निघेलच. बंगळूरच्या निम्हान्स या मेंदू व मानसिक आरोग्याच्या संस्थेत काम केलेल्या चंपादी रामन मुकुंदन यांनी बीईओएस ही ईईजीवरून आरोपीच्या आठवणी तपासायची पद्धत विकसित केली आणि गांधीनगरच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत ती वापरली गेली. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात तिचा निष्कर्ष पुराव्यात धरला, त्याची जगभर चर्चा झाली. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूचाचणी माणसाच्या संमतीशिवाय करता येणार नाही असं सांगितलं; संमतीने केली तरी तिचा निष्कर्ष हाच पुरावा म्हणून चालणार नाही. शास्त्राच्या अंगाने अडचण साधी आहे. ओळखीची, महत्त्वाची वाटणारी गोष्ट समोर आली की मेंदू प्रतिसाद देतो. ती ओळख प्रत्यक्ष घटनेतून आली, वर्तमानपत्रातून आली की चौकशीत दहा वेळा ऐकल्यामुळे आली, हे लहर सांगत नाही.

हे सगळं बाजूला ठेवून मांडणीकडे वळू, कारण प्रबंध इथेच तरतो किंवा बुडतो.

तुमच्यासारख्या बोर्डांवर बहुधा टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सची एडीएस१२९९ चिप असते: आठ चॅनेल, २४ बिट. ४.५ व्होल्टचा रेफरन्स आणि २४ पट गेन (सिग्नल मोठा करणं) धरला तर मोजमापाची एक पायरी सुमारे ०.०२२ मायक्रोव्होल्टची येते. मेंदूचा सिग्नल १० ते १०० मायक्रोव्होल्ट, म्हणजे चिप पुरून उरते. कमी पडते ती त्वचा, वायर आणि खोली. बोर्ड बॅटरीवरच चालवा. लॅपटॉपचा चार्जरही काढून ठेवा. घरी जोडलेलं, विजेच्या बोर्डातून चालणारं कोणतंही सर्किट माणसाच्या डोक्याला लावायचं नाही, आणि सिग्नलमधला गोंगाट कमी व्हावा म्हणून भिंतीतल्या अर्थिंगची वायर माणसाला जोडायचा उद्योग तर कधीच नाही. त्यासाठी बोर्डावर बायसची (गोंगाट दाबणाऱ्या इलेक्ट्रोडची) वेगळी पिन असते, तीच वापरायची.

आठ जागा निवडताना कानशिलं सोडा. मधल्या रेषेवर पुढून मागे एफझेड, सीझेड, पीझेड, डाव्या-उजव्या बाजूला सी३, सी४, डोक्यामागे ओ१, ओ२ आणि आठवा कपाळावर एफपी१. हा आठवा मेंदूसाठी नाही, पापण्या पकडण्यासाठी. रेफरन्स, म्हणजे ज्याच्या तुलनेत बाकीचे मोजले जातात तो इलेक्ट्रोड, एका कानाच्या पाळीला, बायस दुसऱ्या. जागा टोपीच्या भरवशावर सोडू नका, शिंप्याच्या टेपने मोजा. १९५८ मध्ये हर्बर्ट जॅस्पर यांनी मांडलेल्या दहा-वीस पद्धतीत नाकाच्या मुळाशी असलेल्या खळग्यापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत अंतर घेतात. समजा ते ३६ सेंटीमीटर भरलं. नाकापासून १० टक्के म्हणजे ३.६ वर एफपीझेड, पुढे २०-२० टक्क्यांनी १०.८ वर एफझेड, १८ वर सीझेड, २५.२ वर पीझेड. मग एका कानासमोरच्या खळग्यापासून दुसऱ्यापर्यंत डोक्यावरून टेप टाका. ते ३५ असेल तर सीझेडपासून दोन्ही बाजूंना ७ सेंटीमीटरवर सी३ आणि सी४. टोपी एक-दीड सेंटीमीटर सरकली तरी लोकांची तुलना बिघडते.

सगळ्यांत जास्त रेकॉर्डिंग्ज मरतात ती केसातल्या तेलामुळे. आदल्या दिवशी खोबरेल चोपडून आलेल्या मित्राला परत पाठवा. रात्री शाम्पू, कंडिशनर नाही, सकाळी केस पूर्ण कोरडे, हे बोलावतानाच सांगायचं. केस बाजूला करून त्वचेवर खरखरीत जेल कापसाच्या काडीने दहा-पंधरा सेकंद चोळा (रक्त काढायचं नाहीये), मग कंडक्टिव्ह पेस्टने सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचा इलेक्ट्रोड बसवा. इम्पिडन्स (त्वचा आणि इलेक्ट्रोड यांमधला विजेचा अडथळा) ५ किलोओमच्या खाली आला तर उत्तम, १० चालेल. पण सगळ्या जागी तो साधारण सारखा असणं आकड्यापेक्षा महत्त्वाचं आहे. एक २ आणि एक ४० असेल तर दोघांवर येणारा ५० हर्ट्झचा गुंजारव वजा होत नाही, तो फरक म्हणून सिग्नलमध्ये उतरतो. रेफरन्सचा इलेक्ट्रोड सगळ्यांत आधी तपासा. तो सैल असेल तर आठही चॅनेल एकदम बिघडतात आणि नवशिके आठही इलेक्ट्रोड पुन्हा लावत बसतात.

५० हर्ट्झ कुठून येतोय ते एकेक वस्तू बंद करून शोधा: पंख्याचा रेग्युलेटर, जुन्या ट्यूबलाइटचा चोक, कूलरचा पंप, भिंतीपलीकडचा इन्व्हर्टर. खुर्ची भिंतीपासून मीटरभर पुढे ओढली तरी फरक पडतो. वायरींची वेणी घाला आणि ती खांद्यावर टेपने चिकटवा. नेमकी ५० हर्ट्झच कापणारा नॉच फिल्टर हा शेवटचा उपाय. आधी नॉच लावून मग काम सुरू केलं तर इलेक्ट्रोड निखळल्याची खूणच तुम्ही पुसून टाकता.

पंखा बंद केला की बडोद्यात एप्रिल ते जूनमध्ये दुसरी आफत येते. घामाने अर्ध्या हर्ट्झच्या खालची मोठी संथ लाट येते आणि बेसलाइन (सिग्नलची मूळ रेषा) वर-खाली तरंगते. एसीची खोली नसेल तर सकाळी सात-आठला काम उरका, किंवा सरळ हिवाळ्यात करा. हिवाळ्यातही उत्तरायणाचा आठवडा सोडा, गच्चीवरच्या स्पीकरांपुढे कोणताही ध्वनिप्रयोग टिकत नाही. नवरात्रातले नऊ दिवस आणि नंतरचे दोन-तीनही टाळा: रात्री उशिरापर्यंत खेळून आलेला माणूस खुर्चीत टेकताच पेंगतो. पेंग आली की डोळे हळूहळू डावी-उजवीकडे तरंगतात, अल्फा तुटक होतो आणि थीटा सगळीकडे पसरतो. तुम्ही त्याला ‘गाढ एकाग्रता’ म्हणून मोकळे व्हाल.

प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला दोन मिनिटांची ओळखपट्टी घ्या. डोळे उघडे ३० सेकंद, बंद ३० सेकंद, मग दहा वेळा पापण्या, पाच वेळा डावी-उजवीकडे नजर, पाच वेळा दात आवळणं. डोळे मिटल्यावर एक-दोन सेकंदांत ओ१, ओ२ वर ८ ते १३ हर्ट्झची अल्फा उभी राहिली पाहिजे. येना शहरात हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाचा पहिला ईईजी नोंदवला आणि १९२९ मध्ये तो प्रसिद्ध केला, तेव्हापासूनची ही सगळ्यांत भरवशाची गोष्ट आहे. डोळे उघडले की अल्फा दबते, आणि मनातल्या हिशेबानेही दबते, हेही त्यांनीच नोंदवलं. लोकांचा विश्वास मात्र १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी तेच करून दाखवल्यावर बसला. काही निरोगी माणसांत अल्फा फारच पुसट असते, म्हणून एकाच्या डोक्यावर दिसली नाही तर घाबरू नका. तिघा-चौघांत कुणाच्याच दिसत नसेल तर मात्र दोष मांडणीत आहे. पुढचं काहीही रेकॉर्ड करू नका.

आणखी एक तपासणी अवश्य करा. एक कलिंगड आणा, त्याच आठ जागांच्या अंतराने इलेक्ट्रोड लावा आणि पूर्ण प्रयोग त्याच्यावर चालवा: तीच फाइल, तेच विश्लेषण. १९७० च्या दशकात कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये एड्रियन अप्टन या मेंदूविकारतज्ज्ञांनी जेलीच्या गोळ्यावर इलेक्ट्रोड लावले होते, तेव्हा रुग्णालयातल्या आसपासच्या उपकरणांचे सिग्नल जिवंत मेंदूसारखे भासले. तुमच्या कलिंगडालाही जर ‘गणित’ आणि ‘विश्रांती’ यांत फरक दिसत असेल तर तो फरक खोलीचा किंवा तुमच्या कोडचा.

आता प्रयोग. वजाबाकीचाच ठेवायचा असेल तर तुलना बदला. ‘वजाबाकी विरुद्ध नुसतं बसणं’ यात दहा गोष्टी वेगळ्या असतात. त्याऐवजी ४०३ मधून ७-७ वजा करणं विरुद्ध ४०३ पासून एकेकाने उलटं मोजणं. दोन्हींत मनातला उच्चार आहे, आकडे आहेत, नजर पडद्यावरच्या एकाच फुलीवर आहे, फरक बोजाचा. ३० सेकंदांचे तुकडे, प्रत्येक प्रकारचे दहा, क्रम उलटसुलट, मध्ये १५ सेकंद मोकळे. ओठ हलवायचे नाहीत, उत्तर तुकडा संपल्यावर कीबोर्डची कळ दाबून द्यायचं. मनात मोजायची भाषा विचारून लिहून ठेवा. बडोद्यात घरी मराठी, शाळा गुजराती किंवा इंग्रजी असा प्रकार सर्रास असतो, आणि ‘एकोणसाठ’ म्हणणाऱ्याचा आणि ‘फिफ्टी नाइन’ म्हणणाऱ्याचा वेग सारखा नसतो. ही नोंद नसेल तर हा फरक निकालात शिरेल आणि बाहेर काढता येणार नाही.

अपेक्षा अशी ठेवा: एफझेडवर ४ ते ७ हर्ट्झचा थीटा थोडा वाढेल, पीझेड, ओ१, ओ२ वर अल्फा कमी होईल. पापणीचा सिग्नल १०० मायक्रोव्होल्टच्या पुढे सहज जातो आणि त्याची ऊर्जा डेल्टातून (४ हर्ट्झच्या खालच्या पट्ट्यातून) थीटात सांडते, एफझेडवर तर नक्कीच. अवघड हिशेबात पापण्या लवण्याचं प्रमाण बदलतं, म्हणजे थीटाचा फरकही पापण्यांचा असू शकतो. मोठ्या प्रयोगशाळा यासाठी आयसीए, म्हणजे मिसळलेले सिग्नल गणिताने वेगळे करायची पद्धत, वापरतात, पण आठ चॅनेलमधून जास्तीत जास्त आठच घटक निघतात आणि ते स्वच्छ वेगळे होत नाहीत. तुमच्यासाठी साधा मार्ग बरा: एफपी१ वर पापणी दिसली की तो दोन सेकंदांचा तुकडा टाकून द्या. दोन सेकंदांच्या खिडक्या, निम्म्याने एकमेकींवर सरकलेल्या, आणि त्यांच्या स्पेक्ट्रमांची सरासरी (वेल्च पद्धत). अर्ध्या हर्ट्झची रिझोल्यूशन मिळते. शक्तीचा लॉग घ्या. आणि ‘अल्फा म्हणजे आराम’ हे समीकरण विसरा: काही स्मृतिकार्यांत बोजा वाढतो तसा अल्फा वाढतोही.

ध्यानाच्या अभ्यासाकडे वळायची इच्छा असेल तर दिल्लीच्या एम्समधल्या आनंद, छीना आणि सिंग यांचं १९६१ चं काम पाहा. समाधीत बसलेल्या योग्यांवर बाहेरून प्रकाश, आवाज असे उद्दीपक दिले तरी त्यांची अल्फा तुटली नाही. त्यांनी अल्फा बघून समाधी ठरवली नाही. समाधी होती, उद्दीपक दिला, आणि अल्फा टिकते का ते पाहिलं. मांडणी कशी करावी याचा हा नमुना आहे.

पण एकच प्रयोग निवडायचा तर मी वजाबाकीऐवजी ऑडबॉल, म्हणजे नेहमीच्या स्वरांत मधूनच वेगळा स्वर ऐकवायचा प्रयोग, सुचवीन. त्यात लहर कधी येणार, कुठे येणार हे आधीच ठाऊक असतं, त्यामुळे चूक झाली तर लपत नाही. १००० हर्ट्झचा नेहमीचा स्वर ८० टक्के वेळा, २००० चा विरळा २० टक्के, दोन्ही १०० मिलिसेकंदांचे, सुरुवात-शेवट १० मिलिसेकंदांत चढता-उतरता, नाहीतर टक असा आवाज येतो. दोन स्वरांतलं अंतर १.२ ते १.८ सेकंद, स्वैर. एकूण २००, म्हणजे ४० विरळे, पाच मिनिटांत संपतं. ऐकणाऱ्याने विरळे मनात मोजायचे. पीझेडवर ३०० ते ५०० मिलिसेकंदांच्या दरम्यान धन दिशेचा उंचवटा येतो. १९६५ मध्ये सटन आणि सहकाऱ्यांनी दाखवलेला पी३०० तो हाच, आणि १९८८ मध्ये फारवेल आणि डॉन्चिन यांनी ६ गुणिले ६ अक्षरांच्या चौकटीतून टाइप करायची सोय त्याच्यावरच उभी केली.

हा उंचवटा ५-१० मायक्रोव्होल्टचा आणि पार्श्वभूमी २० ची, त्यामुळे एकेका स्वरात तो दिसत नाही. सरासरीत गोंगाट स्वरांच्या संख्येच्या वर्गमुळाने घटतो: ४० विरळ्यांची सरासरी घेतली की २० चे सुमारे ३.२ उरतात. दहा तुकडे पापण्यांमुळे गेले तरी ३.७. वीस गेले की ४.५, मग उंचवटा ओळखणं नशिबावर. म्हणून स्वर थोडे जास्तच घ्या.

सरासरीचा जीव वेळेत आहे. ब्लूटूथ इअरफोन वापरू नका. ते शंभर-दोनशे मिलिसेकंद उशीर करतात, एवढंच असतं तर वजा करता आलं असतं. पण तो उशीर दर वेळी थोडा वेगळा असतो आणि उंचवटा फासला जाऊन सपाट होतो. वायरवाला इअरफोन घ्या, आणि ऑडिओच्या दुसऱ्या चॅनेलवर प्रत्येक स्वरासोबत एक खूण पाठवून ती, व्होल्टेज कमी करणाऱ्या रेझिस्टरमधून, बोर्डाच्या जादा इनपुटवर नोंदवा. लॅपटॉपच्या घड्याळावर विसंबू नका. पडद्यावर चित्रं दाखवणार असाल तर कोपऱ्यात पांढरा चौकोन आणि त्यावर फोटोडायोड. ६० हर्ट्झचा पडदा १६.७ मिलिसेकंदांच्या पायरीनेच बदलतो.

फिल्टर ०.१ ते ३० हर्ट्झ, आणि तो सलग डेटावर लावा, तुकडे पाडल्यावर नाही. थीटासाठी १ हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचं सगळं कापणारा फिल्टर) लावला असेल आणि तो इथेही तसाच ठेवलात तर पी३०० खुजा होतो आणि त्याच्या मागेपुढे खोटे खड्डे पडतात. तुकडा −२०० ते +८०० मिलिसेकंद, आधीच्या २०० ची सरासरी शून्य धरा, ±१०० मायक्रोव्होल्टच्या बाहेर गेलेले तुकडे टाका. विश्लेषणासाठी एमएनई-पायथन किंवा ईईजीलॅब ही सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट आहेत. तुमच्या भावाला पायथन येत असेल तर पहिलंच घ्या.

भाषेवर काम करायची हौस असेल तर एन४०० आहे: १९८० मध्ये कुटास आणि हिलयार्ड यांनी दाखवलं की वाक्यात न बसणारा शब्द आला की सुमारे ४०० मिलिसेकंदांवर ऋण लहर येते. ‘आईने पोळीला तूप लावलं’ आणि ‘आईने पोळीला कुलूप लावलं’. मराठीची सोय अशी की विसंगत नाम क्रियापदाच्या आधी येतं, म्हणजे वाक्य संपतानाची वेगळी लहर त्यात मिसळत नाही. अडचण अशी की शब्द अक्षरसंख्येने, लिपीच्या गुंतागुंतीने आणि वापराच्या प्रमाणाने जुळवावे लागतात. आणि गुजराती माध्यमात शिकलेला वाचक शिरोरेघेच्या ओळीवर मंद चालतो, त्याची लहर उशिरा येऊ शकते. तूप आणि कुलूप प्रत्येकाला दोन्ही दाखवू नका. निम्म्यांना एक, निम्म्यांना दुसरं. प्रत्येक प्रकारची निदान ४० वाक्यं लागतील. ती लिहून, वीस जणांकडून आधी तपासून घेण्यातच महिना जाईल. पहिल्या प्रबंधाला हे जड आहे.

आकडेमोडीत दोन सापळे. आठ इलेक्ट्रोड, पाच पट्टे आणि दोन तुलना म्हणजे ८० चाचण्या. ५ टक्क्यांच्या कसोटीवर निव्वळ योगायोगाने चारेक ‘निकाल’ निघणारच. कोणता इलेक्ट्रोड, कोणता पट्टा, किती मिलिसेकंदांची खिडकी, हे रेकॉर्डिंगच्या आधी कागदावर लिहून मार्गदर्शकांची सही घ्या. दुसरा सापळा मशीन लर्निंगचा, आणि तुमचा भाऊ त्यात पडेलच. एकमेकींवर सरकलेल्या खिडक्या स्वैरपणे ट्रेन (मॉडेलला शिकवायचा डेटा) आणि टेस्टमध्ये (तपासायचा डेटा) वाटल्या की शेजारची खिडकी दोन्हीकडे जाते आणि अचूकता ९५ टक्के येते. २०१७ मध्ये ४० प्रकारची चित्रं ईईजीवरून ८० टक्क्यांच्या वर ओळखल्याचा दावा झाला होता. पण एका प्रकारची सगळी चित्रं सलग दाखवली होती. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या गटाने चित्रं मिसळून प्रयोग केला तेव्हा अचूकता योगायोगाच्या पातळीवर आली. यंत्र चित्र ओळखत नव्हतं, रेकॉर्डिंगमधली वेळ ओळखत होतं. म्हणून टेस्टसाठी आख्खा माणूस बाजूला ठेवा, निदान आख्खं सत्र. दात आवळण्याचा सापळा इथेही आहेच: मॉडेलला स्नायू दिले तर ते आनंदाने स्नायूच शिकेल.

टोपी चढवण्याआधी सरावाला फिजिओनेट या वैद्यकीय डेटाच्या संकेतस्थळावर मनातल्या हिशेबाचा ३६ जणांचा ईईजी मोफत उपलब्ध आहे. त्यावर तुमचं पूर्ण विश्लेषण चालवून बघा.

लेखी संमती, विद्याशाखेच्या नीती समितीची परवानगी, फाइलवर नावाऐवजी क्रमांक. लुकलुकणाऱ्या दिव्यांचा प्रयोग करणार असाल तर फिट्सचा इतिहास असलेल्यांना घेऊ नका. १५ ते २५ हर्ट्झचा पट्टा त्यांच्यासाठी सगळ्यांत धोक्याचा. रेकॉर्डिंगमध्ये काही टोकदार, विचित्र दिसलं तर मित्राला निदान सांगत बसू नका. शंका वाटली तर न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवा. आठ चॅनेलवर पापणीसुद्धा आजारासारखी दिसते.

काम झाल्यावर इलेक्ट्रोड कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवून मऊ ब्रशने धुवा. पेस्ट वाळली म्हणून चाकूने किंवा तारेच्या घासणीने खरवडू नका: वरचा करडा थर सिल्व्हर क्लोराइडचा आहे. तो गेला की बेसलाइन भरकटायला लागते, आणि दोष खोलीला दिला जातो.